दोरीवरचा रंगीत परकर

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्यें, थोडें उत्तरेकडे सरकून, कुपवाड वसलेलें आहे. एके काळीं शेतीवर जगणारें हें गांव औद्योगिक वसाहतीमुळें वाढत गेलें आणि १९९८ सालीं सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग झालें. परंतु जुन्या घरांच्या परसांत धुणें वाळत घालण्याची रीत फारशी बदललेली नाहीं. साडी दोरीवर ऐसपैस पसरली जाते, पुरुषांचे सदरे व लेंगे उघड्यावर लटकतात, आणि परकर मात्र साडीच्या आड, कांहीं अपराध केल्यासारखा, आंतल्या दोरीवर टांगलेला असतो. तांबडा, हिरवा, जांभळा, मोरपिशी, हळदी असे त्याचे एकाहून एक रंग; पण त्यांना ऊन मिळतें तें चोरून. जें वस्त्र साडी नेसणारी स्त्री पहाटेपासून रात्रीं निजेपर्यंत अंगावर बाळगते, जिच्या निऱ्यांचा सारा भार ज्याच्यावर असतो, त्याविषयीं घरांत कोणी चकार शब्द काढीत नाहीं. ह्या भाषणाचा विषय तो परकर आहे. तो घरीं शिवावा कीं बाजारांतून आणावा, हा प्रश्न वरवर पाहतां चार पैशांचा वाटतो. परंतु त्यांत प्रकृतीचाही एक प्रश्न गुंतलेला आहे, आणि तो पुढें यथाक्रम येईल.

मराठी स्त्रीच्या जुन्या पेहरावांत परकराला आंतलें वस्त्र म्हणून जागाच नव्हती. नऊवारी लुगडें कासोटा घालून नेसलें कीं तेंच आंतलें आणि तेंच बाहेरचें. वर खणाची चोळी. गुळेदगुड्डचे खण आणि इरकली लुगडीं सांगली-मिरजेच्या पेठांना पिढ्यान् पिढ्या परिचयाचीं. एका खणांत एक चोळी बेतावयाची, ती हातानें शिवावयाची, पुढें गांठ मारावयाची. गुंडी नाहीं कीं काज नाहीं. लहान मुली परकर नेसत, पण तो चारचौघांत मिरविण्याचा; खणाच्या परकराचे कांठ सर्वांनीं पाहावे म्हणूनच तो असे. मग हा मिरविण्याचा परकर साडीच्या आड कसा गेला आणि केव्हां गेला?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा मुंबईंत सांपडतो. हिंदी लोकांपैकीं सनदी सेवेंत शिरलेले पहिले गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यांत झाली आणि १८६४ सालीं त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी त्यांच्याबरोबर मुंबईस आल्या. बंगालमधील अंतःपुरांत तेव्हां एकेरी साडीवर भागत असे. तिच्यांत घराबाहेर पडणें अवघड. प्रवासासाठीं त्यांना एक अर्धविलायती पोषाख शिवून घ्यावा लागला, तो इतका अडचणीचा निघाला कीं तो स्वतः चढविणेंही जड जाई. मुंबईंत पारशी कुटुंबाच्या सहवासांत त्यांनीं साडी नेसण्याची तिकडील पद्धत पाहिली, तिच्यांत आपल्या सोयीनें फेरफार केले, आणि साडीखालीं परकर, शमीज व अंगांत जाकीट अशी जोड बसविली. बंगाल्यांत परतल्यावर हा पेहराव ब्राह्मसमाजाच्या घरांतून पसरला. १८७१ सालीं त्यांनीं एका बंगाली नियतकालिकांत जाहिरात देऊन इतर स्त्रियांस तो शिकविण्याची तयारीही दाखविली. बंगाली भाषेंत परकराला साया म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे. एका वस्त्राच्या नांवांत किती बंदरें दडलेलीं असतात तें पाहावें.

आपल्या बोलींतही हा विलायती गठ्ठा असाच उतरला. शमीज, बॉडी, झंपर, पेटीकोट हे शब्द आमच्या घरांत इतके रुळले कीं ते परके होते हेंच विसरलें गेलें. त्यांतही मराठी माणसानें आपला विवेक सोडला नाहीं. कमरेला बांधावयाचा तो परकर, आणि मुलींच्या झग्याखालीं खांद्यावरून सोडावयाचा तो पेटीकोट, असा भेद त्यानें केला. इंग्रजांना ह्या दोहोंसाठीं एकच शब्द पुरे वाटतो. हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे, कारण कमरेवर भार घ्यावा कीं खांद्यावर, याच मुद्द्यावर विलायतेंत मोठा वाद माजला होता.

व्हिक्टोरिया राणीच्या काळीं इंग्रज स्त्रीच्या अंगावर बाहेरच्या झग्याखालीं कपड्यांचे थर असत. सर्वांत आंत शमीज. मग गुडघ्यापर्यंतची चड्डी, जिचे दोन पाय केवळ कमरपट्ट्याशीं जोडलेले. मग कांबींनीं ताठ केलेली व दोऱ्यांनीं आवळलेली चोळी, म्हणजे कॉर्सेट. आणि त्यावर एकावर एक परकर. प्रथम हे सारे पांढरे असत. पांढऱ्या कापडाला खळखळून उकळतां येतें, नीळ घालतां येते. रंगीत कापड त्या भट्टींत टिकत नसे. पांढरेपणा हा सभ्यपणाचा दाखला मानला जाई तो असा धोब्याच्या सोयीनें.

१८५६ सालीं एक अकल्पित गोष्ट घडली. विल्यम पर्किन नांवाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरापासून कोयनेल बनविण्याच्या खटपटींत होता. कोयनेल साधलें नाहीं, पण भांड्याच्या तळाशीं जांभळा रंग मिळाला. दोनच वर्षांनीं, १८५८ सालीं, आपल्या मुलीच्या लग्नांत खुद्द राणी जांभळ्या रेशमांत आली. पुढें एकामागून एक कृत्रिम रंग निघाले, आणि मंजिष्ठेच्या मुळांतील लाल रंगही १८६८ सालीं जर्मन रसायनज्ञांनीं प्रयोगशाळेंत तयार केला. नेमक्या याच सुमारास पोलादी कड्यांचा घेरदार सांगाडा झग्याखालीं घालण्याची रीत आली. चालतांना हा सांगाडा झुलूं लागला कीं आंतील परकर दिसावयाचा. दिसावयाचाच तर तो रंगीत कां नसावा, असा विचार स्त्रियांनीं केला असल्यास नवल नाहीं. लाल फ्लॅनेलचे परकर आले, पट्ट्यापट्ट्यांचे आले, आणि शतकाच्या अखेरीस सळसळणाऱ्या रंगीत रेशमाचेही आले. मात्र ह्या रंगांत कांहीं विषारीही निघाले. रंगीत मोज्यांमुळें पायांस फोड आल्याच्या तक्रारी त्या काळीं लंडनमध्यें गाजल्या. शरीराला चिकटून राहणाऱ्या कापडाचा रंग हा केवळ शोभेचा विषय नाहीं, हें तेव्हां प्रथम उमगलें. आपल्याकडे कर्करोगास कारण होऊं शकणाऱ्या कांहीं अॅझो रंगांवर भारत सरकारनें १९९७ सालीं बंदी घातली.

भाराचा वादही त्याच काळांतला. १८८१ सालीं लंडनमध्यें लेडी हार्बर्टन यांच्या पुढाकारानें विवेकी पोषाखाचा पुरस्कार करणारी एक संस्था स्थापन झाली. आंतल्या कपड्यांचें वजन, जोडे वगळून, सात पौंडांहून अधिक नसावें, असा तिचा आग्रह होता. सात पौंड म्हणजे तीन किलोंहून अधिक. ही जर उदार मर्यादा, तर मर्यादेबाहेर काय असेल याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. अमेरिकेंत तर १८७५ सालीं सुसान कॉन्व्हर्स ह्या बाईनें एका आंतल्या चोळीचें पेटंट घेतलें. तिच्यांत परकर कमरेवर न आवळतां खालच्या गुंड्यांना अडकवावयाचा आणि भार खांद्यांवर घ्यावयाचा, अशी योजना होती. आपल्या मुलींच्या पेटीकोटाची घडण हीच नव्हे काय?

महाराष्ट्रांत शहरी सुशिक्षित घरांतून नऊवारी जाऊन गोल पातळ येऊं लागलें तें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत. त्यावरून घरोघर कुरबुरी झाल्या. सासूबाईंना गोल पातळ म्हणजे सुनेचें अर्धें धर्मांतरच वाटे. कासोटा गेला, वस्त्र पातळ झालें, आणि आंत परकर अपरिहार्य झाला. पातळाशीं रंग जुळावा म्हणून तो रंगीत झाला. सांगली भागाला ह्या बदलाशीं दुहेरी नातें आहे. शेजारच्या इचलकरंजींत १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आला आणि रंगीत विणकामाचें तें मोठें केंद्र बनलें. आणि आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडीहून १९३० सालीं ‘स्त्री’ मासिक निघूं लागलें, ज्यानें मध्यमवर्गीय मराठी स्त्रीला तिच्या स्वतःच्या प्रश्नांवर बोलावयास व्यासपीठ दिलें.

हा परकर घरीं शिवला जाऊं लागला याचें श्रेय शिवणाच्या यंत्राला. एलियस हाउनें १८४६ सालीं आणि आयझॅक सिंगरनें १८५१ सालीं आपापलीं पेटंटें घेतलीं. १८६३ च्या सुमारास बटरिक नांवाच्या अमेरिकन शिंप्यानें कागदी नमुने विकावयास काढले, आणि बेतण्याची विद्या दुकानांतून घरांत आली. हिंदुस्थानांत सिंगरचीं यंत्रें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच पोहोंचलीं. पुण्यास १९०९ सालीं सुरू झालेल्या सेवासदनांत रमाबाई रानडे यांनीं विधवा व परित्यक्ता स्त्रियांच्या शिक्षणांत शिवणकामाला स्थान दिलें, तें पोटापाण्याची विद्या म्हणून. यंत्रांविषयीं कठोर असलेल्या गांधीजींनींही १९२४ सालीं शिवणाच्या यंत्राला अपवाद मानलें. बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरनें प्रेमापोटीं तें बनविलें, असें ते म्हणाले. सिंगर महाशयांनीं एकाच वेळीं किती संसार मांडले होते हें गांधीजींच्या कानावर गेलेलें दिसत नाहीं. पण कथा बाजूला ठेवली तरी यंत्राचा गुण उरतोच.

आतां प्रकृतीचा प्रश्न. परकर कमरेवर टिकतो तो नाडीनें. बाजारी परकराच्या नेफ्यांत बहुधा बारीक, पीळ दिलेली नाडी असते. साडीच्या निऱ्या सुटूं नयेत म्हणून ती करकचून बांधली जाते, आणि वर्षानुवर्षें त्याच एका जागीं. घाम, घर्षण आणि दाब यांनीं तेथील कातडी प्रथम काळवंडते, मग जाड होते, खाजते. बहुतेक स्त्रियांच्या बाबतींत गोष्ट येथेंच थांबते. क्वचित् मात्र तेथें जखम होते, ती भरते, पुन्हां उलते, आणि फार क्वचित् त्या जुनाट व्रणांत कर्करोग उद्भवतो. ही कपोलकल्पित भीति नाहीं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ सालीं एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत धोतराच्या घट्ट गांठीमुळें कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन केलें. म्हणजे हा दोष स्त्रियांच्या वस्त्राचाच आहे असेंही नाहीं. पुढें साडी नेसणाऱ्या स्त्रियांच्या अशाच हकिगती मुंबईच्या डॉक्टरांनीं नोंदल्या. २०२४ सालीं वर्धा आणि मधुबनी येथील डॉक्टरांनीं दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. एक साडीखालीं परकर बांधीत असे, दुसरी परकराशिवाय लुगडें कसून नेसत असे. दोघींच्या कमरेवरील जखम महिनोन् महिने भरून आली नव्हती, आणि दोन्ही ठिकाणीं निदान कर्करोगाचेंच झालें. कमरेवरची जखम कांहीं आठवड्यांत भरली नाहीं तर ती हळद-खोबरेल लावून झांकीत बसूं नये, डॉक्टरला दाखवावी. साडीच्या आड टांगलेल्या परकराची लाज येथें जिवावर बेतूं शकते.

उपाय कठीण नाहीं. दाब बारीक दोरीवर एकवटूं न देतां रुंद पट्टीवर पसरावयाचा. म्हणजे नाडीच्या जागीं बोटभर नव्हे तर तीन बोटें रुंद कमरपट्टा, आणि पिळाच्या नाडीऐवजीं आंकड्यांच्या दोन ओळी अथवा दोन मोठ्या गुंड्या. उपास असेल तेव्हां एक, जेवण झाल्यावर दुसरी. नाडीशिवाय साडी धरत नाहीं असें ज्यांना वाटतें त्यांनीं निदान चपटी रुंद फीत वापरावी, ती सैल बांधावी आणि तिची जागा अधूनमधून बदलावी. बाजारांत असा परकर सहसा मिळत नाहीं. कुपवाडसारख्या गांवांत ओसरीवर यंत्र टाकून शेजारणींचीं पोलकीं शिवणाऱ्या बायका पुष्कळ. त्यांच्यापैकीं कोणालाही सांगितलें तर ती तासाभरांत शिवून देईल. आणि घरांत यंत्र असेल, मग तें हातानें फिरविण्याचें कां असेना, तर सांगावयासही जावें लागत नाहीं.

कमर ऐंशी सेंटिमीटर आणि उंची बेताची असलेल्या स्त्रीसाठीं नव्वद सेंटिमीटर पन्ह्याचें सव्वादोन मीटर सुती कापड पुरतें. पॉपलिन चांगलें, कृत्रिम धाग्याचें कापड घाम शोषीत नाहीं, म्हणून रोजच्या वापरास नको. कापड प्रथम रात्रभर पाण्यांत भिजत घालावें, दोनदां खळबळून वाळवावें व इस्त्री करावें. आटायचें तें आधींच आटतें आणि वरवर बसलेला रंग निघून जातो. मिठाच्या पाण्यांत घातल्यानें रंग पक्का होतो अशी समजूत आहे. मीठ रंगविण्याच्या वेळीं रंग कापडांत उतरविण्यास मदत करतें, मागाहून नव्हे. दोन धुण्यांनंतरही पाणी रंगीत येत असेल तर तें कापड अंगाशीं येणाऱ्या वस्त्रास वापरूं नये, मग त्याचा जांभळा कितीही मोहक असो.

नंतर सत्त्याण्णव सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे करावे. प्रत्येक तुकडा उभा मधोमध कापला कीं पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टीवर वरच्या कडेला डावीकडून चौदा आणि खालच्या कडेला डावीकडून एकतीस सेंटिमीटरवर खूण करून, दोन खुणा जोडणारी तिरपी रेघ मारून कापावें. एका पट्टींतून दोन सारख्या कळ्या निघतात. एक सुलटी, एक उलटी. आणि चिंधीभर कापड वाया जात नाहीं. एकूण आठ कळ्या. शिवणींत दोन्हीकडून एकेक सेंटिमीटर गेला तर वरचा घेर आठ बारें शहाण्णव आणि खालचा आठ गुणिलें एकोणतीस, म्हणजे दोनशें बत्तीस भरतो. वरचा घेर कमरपट्ट्यावर हलक्या चुण्या घालून बसवावा.

येथें एक खोंच आहे, ती पुष्कळ नवशिक्या मुलींना कोणी सांगत नाहीं. प्रत्येक कळीची एक कड सरळ आहे आणि एक तिरपी. तिरपी कड ताणते. दोन तिरप्या कडा एकमेकींस जोडल्या तर ती शिवण चार दिवसांत लोंबूं लागते आणि परकर साडीखालून डोकावतो. म्हणून नेहमीं एका कळीची सरळ कड दुसरीच्या तिरप्या कडेस जोडावी. तिरपी कड दीड सेंटिमीटरानें लांब भरते. वरचीं टोकें जुळवून शिवावें आणि खालीं जास्त येईल तें घेर गोल करतांना कापून टाकावें. शिवणीच्या कडा आंत वळवून दुहेरी टीप घालावी, म्हणजे दोरे अंगास टोंचत नाहींत. एका शिवणीची वरची वीतभर बाजू उघडी ठेवून तिच्या कडा दुमडाव्या. उरलेल्या कापडांतून नव्वद सेंटिमीटर लांब आणि बारा सेंटिमीटर रुंद पट्टी काढून, ती दुहेरी करून, पांच सेंटिमीटरांचा कमरपट्टा लावावा. आंकडे बसवितांना पट्ट्याच्या आंत कापडाचा एक जादा तुकडा घालण्यास विसरूं नये, नाहीं तर पहिल्याच आठवड्यांत भोंक पडतें.

रंगाच्या बाबतींत आवडीवर बंधन घालण्याचें कारण नाहीं. फिक्या पातळाखालीं गडद परकर उठून दिसतो, एवढें पाहिलें म्हणजे झालें. झालर लावावयाची तर ती निराळ्या रंगाची लावावी. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यांतील स्त्रियांनीं ती हौस मनसोक्त केली, आमच्या स्त्रियांनीं कां करूं नये? झालर झिजते आधीं, परकर नंतर. झालर उसवून दुसरी लावली कीं परकर पुन्हां नवा.

मुलींच्या परकराला मात्र खालच्या बाजूस दोन-तीन टक घालावे, म्हणजे आडव्या दुमडी. विलायती मुलींच्या परकरांनाही ते असत, आणि हेतूही तोच. मुलगी वाढली कीं एक टक उसवावयाचा आणि परकर दोन बोटें लांब करावयाचा. हल्लीं परकर-पोलकें सणासमारंभापुरतें उरलें असलें तरी टक उसवणाऱ्या आया अजून आहेत. उसवलेल्या जागीं कापडाचा मूळ रंग तसाच राहिलेला असतो. इतर परकर उन्हानें आणि धुण्यानें फिका झालेला, आणि मध्यें एक अरुंद पट्टा, दुकानांत ठाण उलगडलें त्या दिवशीं होता तसा लालभडक. दोन टक उसवले असतील तर पट्टे दोन, आणि पहिला दुसऱ्याहून किंचित् फिका.